गल्ला ते हेड ऑफिस: सॅम वॉल्टन यांची गोष्ट



तुमच्या फोनमध्ये फोनपे आहे? फ्लिपकार्ट? मग सॅम वॉल्टन या माणसाशी तुमचा लांबचा का होईना, संबंध आहे. 2018 मध्ये वॉलमार्टने फ्लिपकार्टचा सुमारे 77 टक्के हिस्सा 16 अब्ज डॉलरना घेतला आणि फोनपेही त्यासोबत त्यांच्याकडे गेलं. ही वॉलमार्ट सुरू करणारे सॅम वॉल्टन 1992 मध्येच वारले. त्यांनी ना स्मार्टफोन पाहिला, ना यूपीआय.

त्यांची गोष्ट मी का सांगतेय, याचं कारण माझ्या नोकरीत आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि कॉलेज संपल्यापासून मिडलवेअर लिहिते. घरी अजून कुणालाच हे नीट सांगता आलेलं नाही, तुम्हाला सांगून बघते.

सुपरमार्केटच्या काउंटरवर बिल करायचं जे मशीन असतं, त्याला पीओएस म्हणतात, म्हणजे पॉइंट ऑफ सेल. दुसऱ्या टोकाला हेड ऑफिसचं सॉफ्टवेअर असतं. कुठल्या दुकानात किती माल शिल्लक आहे, काय मागवायचं, किती पैसे जमा झाले, हे सगळं तिथे. ही दोन्ही सॉफ्टवेअर बहुतेक वेळा वेगळ्या कंपन्यांनी, वेगळ्या काळात बनवलेली असतात. एकाला तारीख दिवस-महिना-वर्ष अशी लागते, दुसऱ्याला बरोबर उलटी. एकाच्या लेखी तेलाची पिशवी म्हणजे 13 आकडी बारकोड, दुसऱ्याच्या लेखी हेड ऑफिसने दिलेला भलताच आयटम कोड. या दोघांच्या मध्ये बसून एकाचं बोलणं दुसऱ्याला समजेल असं करणारा, निरोप पोचवणारा आणि पोचला की नाही ते बघणारा प्रोग्रॅम म्हणजे मिडलवेअर. दुभाषा आणि पोस्टमन एकाच अंगात.

सॅम वॉल्टन यांच्या आयुष्याची बरीच वर्षं हेच काम पायाने, पेन्सिलने आणि एका छोट्या विमानाने करण्यात गेली.

गल्ल्यावर कच्चे

सॅम यांचा जन्म 29 मार्च 1918 चा, अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या किंगफिशर गावातला. लहानपण मिसुरी राज्यात गेलं. 1930 च्या दशकातली महामंदी त्यांनी घरात बसून पाहिली, कारण कर्ज थकलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनी ताब्यात घ्यायचं काम त्यांच्या वडिलांच्या वाट्याला आलं होतं. गाईचं दूध काढून विकणं, पेपर टाकणं हे सगळं करत सॅम शिकले. 1940 मध्ये मिसुरी विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेतली आणि तीनच दिवसांत आयोवा राज्यातल्या डे मॉइन शहरात जे. सी. पेनी या दुकानसाखळीत महिना 75 डॉलरवर लागले.

माल विकण्यात एकदम हुशार. पण कागदपत्रांत ढ! अक्षर गचाळ, आणि समोर गिऱ्हाईक उभं असताना पावत्या भरत बसणं त्यांना जमायचंच नाही. गिऱ्हाइकाला ताटकळत कसं ठेवायचं? मग पावत्या अर्धवट राहायच्या. तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी त्यांना सांगून टाकलं होतं की विक्री चांगली आहे म्हणून ठेवलंय, नाहीतर काढूनच टाकलं असतं.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं, कारण आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात जुनं दुखणं हेच आहे. काउंटरवर रांग लागलेली असते. गिऱ्हाइकाने एकाच किमतीची तीन बिस्किटं घेतलीत, एक चॉकलेटचं, एक ऑरेंजचं, एक इलायचीचं. कॅशिअर एकच पुडा तीनदा स्कॅन करतो. गिऱ्हाइकाला फरक पडत नाही, पैसे तेवढेच. पण हेड ऑफिसला दिसतं की चॉकलेटची तीन गेली आणि ऑरेंजचं एकही नाही. पुढच्या आठवड्यात ऑरेंज संपलेलं असतं आणि नवीन येत नाही, कारण सिस्टिमच्या मते ते तिथेच आहे. कॅशिअरला दोष देऊन उपयोग नसतो. त्याच्या जागी सॅम असते तरी त्यांनी हेच केलं असतं.

दुसऱ्या महायुद्धात सॅम सैन्यात होते, पण अमेरिकेतच. 1943 मध्ये हेलन रॉबसन यांच्याशी लग्न झालं. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये त्यांनी आर्कान्सा राज्यातल्या न्यूपोर्ट गावात एक किरकोळ मालाचं दुकान 25,000 डॉलरना घेतलं. त्यातले 20,000 सासऱ्यांकडून उसने. दुकान बेन फ्रँकलिन नावाच्या साखळीचं होतं, म्हणजे आजच्या भाषेत फ्रँचायझी, आणि ती साखळी बटलर ब्रदर्स ही कंपनी चालवायची.

इथे त्यांना दोन गोष्टी मिळाल्या. पहिली म्हणजे हिशेबाची शिस्त. बटलर ब्रदर्सचे ठरलेले फॉर्म होते: माल किती आला, किती गेला, नफा किती. त्यातच एक वही अशी होती की आजच्या विक्रीशेजारी मागच्या वर्षीच्या याच दिवसाची विक्री लिहायची. कालच्या स्वतःला हरवायचं, एवढाच त्या वहीचा हेतू. ही सवय सॅम यांना आयुष्यभर पुरली.

दुसरी गोष्ट म्हणजे हेड ऑफिसचा राग. फ्रँचायझीचा नियम होता की बहुतेक माल कंपनीकडूनच घ्यायचा. सॅम यांना न्यूयॉर्कमध्ये एक दलाल सापडला, जो बायकांच्या चड्ड्या डझनाला 2 डॉलरना द्यायचा. बटलर ब्रदर्सचा भाव अडीच डॉलर. तिकडचा माल आणून सॅम यांनी एका डॉलरला तीनऐवजी चार विकायला सुरुवात केली. एका नगावर नफा कमी, पण खप इतका वाढला की एकूण नफा जास्त. शिकागोत बसलेल्या हेड ऑफिसला काउंटरवर काय चालतं ते कळत नाही, हे त्यांना दुकानाच्या बाजूने कळलं. पुढे स्वतःचं हेड ऑफिस झालं, तेव्हा हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

पाच वर्षांत दुकानाची वर्षाची विक्री 72,000 डॉलरवरून अडीच लाखांवर गेली. आणि मग घरमालकाने भाडेकरार वाढवून द्यायला नकार दिला, त्याला ती चालती जागा स्वतःच्या मुलासाठी हवी होती. करारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं, सह्या करताना सॅम यांच्या ते लक्षातच आलं नव्हतं.  उभं केलेलं दुकान सोडून गाव सोडावं लागलं. कागदपत्रं न वाचण्याची इतकी महाग शिक्षा फार कमी जणांना मिळाली असेल. (तुम्ही अ‍ॅप टाकताना अटी-शर्तींवर डोळे मिटून टिक करता ना? मीही करते. असो.)

भिंतीवरचे कप्पे

1950 मध्ये वॉल्टन कुटुंब आर्कान्सातल्याच बेंटनव्हिलला आलं. जेमतेम 3,000 वस्तीचं गाव. चौकात एक दुकान घेतलं. मग शेजारच्या गावात दुसरं, मग तिसरं. अंतरं वाढली तशी गाडीने फिरणं अशक्य झालं, म्हणून सॅम यांनी 1,850 डॉलरना दोन माणसं बसतील असं जुनं एअरकूप विमान घेतलं. सख्ख्या भावाला त्यात बसायची भीती वाटायची. सॅम मात्र या गावातून त्या गावात उडत, दुकानात उतरून गल्ला बघत, रॅक बघत, पिवळ्या पॅडवर टिपून घेत.

आणि आता माझा सगळ्यात आवडता भाग. दुकानांचा हिशेब ते कसा ठेवायचे? ऑफिसच्या भिंतीवर लाकडी कप्पे होते, प्रत्येक दुकानाला एक कप्पा. त्या दुकानाच्या पावत्या, भरण्याच्या चिठ्ठ्या, पत्रं, सगळं त्यात. प्रत्येक दुकानाची एक खतावणी. नवीन दुकान उघडलं की भिंतीवर एक कप्पा वाढवायचा. महिन्यातून एकदा सॅम आणि ऑफिसमधल्या एक सहकारी बाई मिळून सगळ्या वह्या बंद करायचे. साधारण 20 दुकानं होईपर्यंत असंच चाललं.

आमच्या मिडलवेअरमध्ये आजही हेच असतं, फक्त लाकूड नसतं. प्रत्येक दुकानाची एक रांग. दुकानाची बिलं त्या रांगेत येऊन थांबतात, एकेक उचलून त्यांचं रूप बदललं जातं, हेड ऑफिसला पाठवलं जातं. इंटरनेट गेलं तरी दुकान बंद पडत नाही, बिलं मशीनमध्येच साठतात आणि लाइन आली की निघतात. व्हॉट्सअ‍ॅपची टिक आठवा. निरोप फोनमधून निघाला, एक टिक. समोरच्या फोनवर पोचला, दोन टिक. मिडलवेअर प्रत्येक बिलासाठी अशा दोन टिकची वाट बघतं. दुसरी टिक आली नाही तर बिल परत पाठवतं. आणि तेच बिल दोनदा पोचलं तर? म्हणून दुकानाचा कोड, काउंटर, तारीख आणि बिल नंबर मिळून एक ओळख बनवतात. तीच ओळख परत आली की हेड ऑफिसने पोच द्यायची, पण बिल पुन्हा मोजायचं नाही.

पण हिशेब जुळलाच नाही तर? सॅम यांच्याकडे यावर एक उपाय होता. महिनाअखेरीला वही जुळेना की जेवढ्याचा फरक असेल तेवढी रक्कम त्यांनीच काढलेल्या एका खात्यात टाकायची. त्या खात्याच्या नावाचा अर्थ एवढाच, की कुठेतरी चूक आहे. रक्कम तिकडे गेली की वही जुळली, चला घरी! पुढे आत्मचरित्रात त्यांनी हे मजेत सांगितलंय.

मला त्याची मजा वाटत नाही. का, ते सांगते.

माझा एरर फोल्डर

नोकरीचं माझं पहिलं वर्ष. एका सुपरमार्केट साखळीचं काम आमच्या टीमकडे होतं. हेड ऑफिसने नाकारलेल्या बिलांचं काय करायचं, तो भाग मी लिहिला. सोपं होतं: बिलातला एखादा बारकोड हेड ऑफिसच्या यादीत सापडला नाही तर ते बिल एरर फोल्डरमध्ये टाकायचं आणि पुढच्या बिलाकडे जायचं. रांग अडता कामा नये. मी ते तपासलं, सीनिअरने पाहिलं, लाइव्ह गेलं. त्या फोल्डरकडे रोज बघायचं कुणी, हे ठरलंच नाही.

पुढे एका कंपनीने तेलाच्या पिशवीचं पॅकिंग बदललं. नवीन पॅकिंग, नवीन बारकोड. दुकानाच्या पीओएसमध्ये तो टाकला गेला, हेड ऑफिसच्या यादीत राहिला. झालं. ज्या बिलात ती पिशवी, ते अख्खं बिल फोल्डरमध्ये. गिऱ्हाइकांना माल मिळत होता, गल्ल्यात पैसे येत होते. हेड ऑफिसला मात्र या बिलांचा पत्ताच नव्हता, त्यामुळे विकला गेलेला माल त्यांच्या लेखी अजून दुकानातच होता.

महिन्याभराने एका दुकानात माल मोजला तर तेल कमी, साखर कमी, साबण कमी. बिलं नाहीत आणि माल नाही, म्हणजे काय समजायचं? तिथे मालाचा हिशेब ठेवणारे एक काका होते, पन्नाशी ओलांडलेले. त्यांच्या पगारातून पैसे कापायला सुरुवात झाली. गल्ल्यात रोकड जास्त का निघतेय हा प्रश्न विचारायला हवा होता, पण रोकडीचा हिशेब वेगळ्या विभागाकडे आणि मालाचा वेगळ्या. दोघांनी एकमेकांना विचारलंच नाही.

हे माझ्या कानावर आलं ते दोन महिन्यांनी, तेही दुसऱ्याच एका तक्रारीच्या निमित्ताने. मी फोल्डर उघडला आणि माझ्या पोटात गोळा आला.

मला त्या दुकानात पाठवलं. मी तेवीस वर्षांची, काका मला मॅडम म्हणत होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा सांगितला, आणि कपाटातून एक शंभर पानी वही काढली. त्यात रोज सकाळी आणि रात्री तेलाच्या पिशव्या किती, हे बॉलपेनने लिहिलेलं होतं. पैसे कापल्यापासून ते स्वतःसाठी लिहीत होते, कुणी मागितलं नव्हतं. मी लॅपटॉपवर एरर फोल्डरमधली बिलं दिवसावर दिवस लावत गेले. तीन पिशव्यांचा फरक राहिला. त्या फुटल्या होत्या, तेही वहीत लिहिलेलं होतं.

त्यांचे पैसे परत मिळाले. दुकानाच्या मॅनेजरने त्यांची माफी मागितली. मी मागितली का? मी इतकंच सांगितलं की सिस्टिममध्ये प्रॉब्लेम होता. ती सिस्टिम मी लिहिली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

म्हणून ते चूक-कुठेतरी-आहे खातं मला हसवत नाही. पण एक फरक मान्य करायला हवा. सॅम ते खातं स्वतःच लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच विमान काढून त्या दुकानात उतरायचे. तेल कमी भरलं असतं तर त्यांनी आधी रॅक पाहिला असता, मग माणूस. माझ्या फोल्डरमागे असं कुणी उतरणारं नव्हतं.

कॉम्प्युटर नको, पण हवा

2 जुलै 1962 ला आर्कान्सातल्या रॉजर्स गावात पहिलं वॉलमार्ट उघडलं. छोट्या गावांत मोठं, स्वस्त दुकान, ही कल्पना. सगळे म्हणत होते चालणार नाही, ते चाललं. मात्र विमान आणि कप्पे आता पुरणार नव्हते, हे सॅम यांना इतरांच्या आधी कळलं.

1966 मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या पुकीप्सी इथे दुकानदारांसाठी आयबीएमने ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या वर्गाला गेले. वय 48, मोजकी दुकानं. स्वतः कॉम्प्युटर शिकणं हा हेतू नव्हताच. तिथे हुशार माणसं भेटतील आणि त्यातला एखादा आपल्याकडे आणता येईल, म्हणून गेले होते. दुकानं लांब आणि गावं छोटी, तर माहिती हाताशी नसेल तर आपण वाढूच शकत नाही, हे त्यांना पटलं होतं. थोड्याच वर्षांत त्यांनी रॉन मेयर या तरुणाला आपल्याकडे आणलं. गोदामांची आणि हिशेबाच्या यंत्रणेची पायाभरणी मेयर यांच्या काळात झाली. 1974 मध्ये सॅम यांनी कंपनीची सूत्रंही मेयर यांच्याकडे दिली, आणि दोनच वर्षांत परत घेतली! निवृत्ती त्यांना झेपली नाही. मेयर गेले, त्यांच्यासोबत बरेच अनुभवी लोकही गेले. ज्यांनी यंत्रणा उभी केली तेच निघून गेल्यावर मागे राहणाऱ्यांची काय अवस्था होते, हे आयटीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा.

डेव्हिड ग्लास, जॅक श्यूमेकर अशा सहकाऱ्यांनी पुढे हे काम नेटाने रेटलं. सॅम यांना यंत्रांवर खर्च करायचा म्हटलं की जिवावर यायचं. ते खर्च खूप ताणून धरायचे, पण शेवटी सही करायचे. बाकीच्यांना आपली बाजू भक्कम मांडायला लावायची ही त्यांची पद्धत होती, असं माझं मत. आम्हाला असा बॉस मिळाला तर आम्ही कुरकुर करू, पण फालतू प्रोजेक्ट कमी होतील.

तोवर बारकोड आला होता. 26 जून 1974 ला ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये च्युइंगमचं पाकीट स्कॅन झालं. हे पहिलं. किंमत 67 सेंट. आधी गल्ला फक्त रक्कम सांगायचा, आता वस्तूचं नाव सांगू लागला. पण त्यामुळे माहिती इतकी वाढली की दुकानातून हेड ऑफिसला ती पाठवणार कशी, हा नवा प्रश्न. छोट्या गावांच्या टेलिफोन लाइनवर हे सगळं तुंबायला लागलं.

श्यूमेकर आणि कंपनीच्या डेटा विभागाचे ग्लेन हॅबर्न यांनी उपाय सुचवला: स्वतःचं सॅटेलाइट नेटवर्क. प्रत्येक दुकानाच्या छपरावर डिश. खर्च सुमारे 2 कोटी 40 लाख डॉलर. किरकोळ माल विकणाऱ्या कंपनीने हे करावं, तेही 1980 च्या दशकात! 1987 मध्ये ते पूर्ण झालं, तेव्हा ते अमेरिकेतलं सगळ्यात मोठं खासगी सॅटेलाइट नेटवर्क होतं. विक्रीचे आकडे वर जायचे, हुकूम खाली यायचे, क्रेडिट कार्डची परवानगी काही सेकंदांत मिळायची. सॅम यांना त्यातला व्हिडिओ जास्त आवडला, कारण आता बेंटनव्हिलच्या कॅमेऱ्यासमोर उभं राहून सगळ्या दुकानांशी एकदम बोलता यायचं.

प्रत्येक वस्तूचा 65 आठवड्यांचा इतिहास कंपनी साठवून ठेवायची. 65 च का? एक वर्ष आणि वर एक तिमाही. म्हणजे या नाताळाची तुलना मागच्या नाताळाशी करता येते. बटलर ब्रदर्सची ती वहीच, फक्त आता लाखो पानांची.

शनिवारी पहाटे दोन-तीनला सॅम ऑफिसात येऊन आठवड्याच्या आकड्यांचे प्रिंट वाचत बसायचे, आणि सकाळी साडेसातच्या मीटिंगमध्ये मॅनेजरांना घामाघूम करायचे. आकड्यांवरून पैजही लागायची. कंपनीचा करपूर्व नफा आठ टक्क्यांच्या वर जाणार नाही, असं ते ग्लास यांच्याशी पैजेवर बोलले आणि हरले. 1984 मध्ये त्यांना न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर गवताचा घागरा घालून हुला नाच करावा लागला.

कॉम्प्युटर आला म्हणून त्यांचं फिरणं मात्र थांबलं नाही. सॅन डिएगोला प्राइस क्लब या प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात छोट्या टेपरेकॉर्डरवर किमती बोलून घेत असताना त्यांना पकडलं आणि टेप काढून घेतली. त्यांनी मालकाच्या मुलाच्या नावे चिठ्ठी लिहून दिली, तर काही दिवसांत टेप जशीच्या तशी परत आली. देणारा माणूस दिलदार म्हणायचा.

आकडे कुणाचे?

1987 मध्येच सॅम प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीच्या लू प्रिचेट यांच्यासोबत होडीतून नदीसफरीला गेले. तोवर या दोन कंपन्या भावावरून भांडायच्या आणि एकमेकांना काही सांगायच्या नाहीत. त्या सफरीत बोलणं असं निघालं की दोघांचं गिऱ्हाईक एकच, मग दुकानातल्या विक्रीचे आकडे पुरवठादारालाही का दिसू नयेत? पुढे दोन्ही कंपन्यांचे कॉम्प्युटर जोडले गेले. डायपर किती खपले हे पाहून माल पाठवायचं काम प्रॉक्टर अँड गॅम्बलच करू लागली. नंतर रिटेल लिंक नावाने हीच सोय हजारो पुरवठादारांना मिळाली. आज एका कंपनीचं सॉफ्टवेअर दुसऱ्याशी एपीआयने बोलतं, त्यात आपल्याला काही वाटत नाही. तेव्हा हे दोन शेजाऱ्यांनी मधली भिंत पाडण्यासारखं होतं.

पण हेही सांगायला हवं. जी तार आकडे वर नेते तीच वचक खाली आणते. दुकानातलं तापमानसुद्धा बेंटनव्हिलहून ठरायला लागलं. पगार कमी ठेवणं आणि कामगार संघटना येऊ न देणं ही सॅम यांची सुरुवातीपासूनची भूमिका होती, आणि वॉलमार्ट आलं की चौकातली जुनी दुकानं बंद पडायची, जसं कधीकाळी त्यांचं स्वतःचं होतं तसली. त्यांच्या बाजूचे लोक सांगतात की गरिबाला स्वस्त माल मिळाला. दोन्ही खरं आहे. मी ज्या टोकाला बसते तिथून फक्त आकडे दिसतात, माणसं दिसत नाहीत, हे मला त्या शंभर पानी वहीपासून माहीत आहे.

1985 मध्ये फोर्ब्सने त्यांना अमेरिकेतला सगळ्यात श्रीमंत माणूस ठरवलं. गाडी जुनी लाल फोर्ड पिकअपच राहिली, मागे शिकारी कुत्र्यांसाठी पिंजरे. पुढे कॅन्सरने गाठलं. 17 मार्च 1992 ला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश बेंटनव्हिलला येऊन त्यांना देशाचं सर्वोच्च नागरी पदक देऊन गेले. काही दिवसांतच सॅम लिटल रॉकच्या हॉस्पिटलमध्ये होते. तिथे 74 वा वाढदिवस झाला.

त्या शेवटच्या दिवसांत घरच्यांनी जवळच्या वॉलमार्टच्या मॅनेजरला बोलावून घेतलं. तो पलंगाशेजारी बसून आपल्या दुकानाचे त्या आठवड्याच्या विक्रीचे आकडे त्यांना सांगत होता. छपरावर डिश होती, हेड ऑफिसात तेच आकडे आधीच पोचलेले होते.

5 एप्रिल 1992, रविवारी सकाळी सॅम वॉल्टन गेले. बेंटनव्हिलहून ही बातमी त्याच सॅटेलाइटवरून सगळ्या 1,960 दुकानांना कळवण्यात आली.